सोडामास्तरांचा शुद्ध सोडा

मास्तर म्हणत त्यांना, पण या माणसानं जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्यांची लॉन्ड्री होती. पुढच्या खोलीत काउंटर, इस्त्रीचं टेबल आणि गठ्ठे ठेवायच्या फळ्या. मागच्या खोलीत एक कुरकुरणारं जुनं मशीन, सिमेंटच्या दोन टाक्या आणि त्या टाक्यांशी उभी असलेली बायको. वर माळ्यावर दोघांचा संसार. 'सोडामास्तर' हे नाव शेजारच्या शिंप्यानं पाडलं आणि गल्लीनं ते लगेच उचललं, कारण एवढं मापाचं नाव त्या शिंप्याच्या हातून पुन्हा कधी शिवून झालं नाही.

मास्तर कॉलेजात पहिलं वर्ष विज्ञान शिकले होते. मग वडील गेले आणि लॉन्ड्री गळ्यात पडली. माणसं असल्या गोष्टी विसरतात, पोरंबाळं, दुखणीखुपणी यांत रमतात. मास्तरांना पोरंबाळं झाली नाहीत आणि रसायनशास्त्र काही डोक्यातून गेलं नाही. रद्दीवाल्याकडून ते जुनी पाठ्यपुस्तकं उचलून आणत. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा. यांना धुण्याच्या पावडरी शुद्ध करण्याचा नाद होता.

त्यांचं म्हणणं असं, की बाजारातल्या पुड्यात कामाचा माल थोडा आणि नखरे फार. निळे कण कशाला, तर दिसायला. वास कशाला, तर गिऱ्हाईक भुलायला. मीठ कशाला, तर वजन भरायला. हे सगळं बाजूला सारलं की आत एक साधा, सरळ, कामसू पदार्थ बसलेला असतो आणि त्याला त्या गर्दीतून बाहेर काढणं हे सज्जनाचं काम आहे, असं मास्तर इस्त्री फिरवता फिरवता समजावून सांगत. ऐकायला बहुधा शिंपी असे. तोही सुईत दोरा ओवत असल्यामुळे उठून जाऊ शकत नसे.

खिडकीवरच्या फळीवर मुरांब्याच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. एकीत धुण्याचा सोडा, एकीत टाकणखार, एकीत डाग काढायच्या पावडरीतून वेगळा केलेला, कोमट पाण्यात बुडबुडे सोडणारा पांढरा चुरा. एकदा मास्तरांनी शिंप्याला बोलावून त्या बुडबुड्यांवर नुकती विझवलेली, टोकाशी लाल असलेली काडी धरली. काडी भपकन पुन्हा पेटली.

"बघितलंत? शुद्ध प्राणवायू," मास्तर म्हणाले.

शिंप्यानं काडीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "एवढ्यासाठी सकाळपासून खटाटोप चाललाय होय? अहो, मागायची होती. माझ्याकडे काडेपेटी आहे."

बायको टाकीपाशी हसली. मास्तरही हसले, पण जरा उशिरा. एकूण त्या घरात हसणं थोडंच होतं. भांडणंही नव्हती. दोन माणसं वर्षानुवर्षं एकाच छताखाली कपडे धूत आणि वाळवत राहिली की बोलायचे विषय विरत जातात, तसं झालं होतं. मास्तर पुढे, बायको मागे. मधल्या दारातून गठ्ठे जात-येत, शब्द फारसे नाहीत.

मग बायकोचे हात फुटायला लागले.

आधी बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडल्या. मग तळवा लाल होऊन सोलवटला. मग नखांच्या कडा. मशीन चादरी आणि टॉवेल धुवायचं, पण कॉलर, कफ आणि डाग हे काम हाताचंच, आणि लॉन्ड्रीचं नावही त्या कामावरच टिकून होतं. जवळच्या हॉस्पिटलातल्या एका सिस्टरच्या ओळखीनं तिथल्या नर्सांचे पांढरे कपडे यायचे. शाईचे डाग, औषधांचे डाग, आणखी कसकसले. कॉलरीत मळ कुठे दडलाय हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांच्या टोकांना कळतं. तिथं कापड किंचित गुळगुळीत लागतं. बायकोची बोटं हे ओळखण्यात इतकी तयार होती की ती बोलता बोलता, दुसरीकडे बघत, नेमक्या जागी ब्रश टेकवायची. रबरी मोजे घालून पाहिले. आत घाम साचून हात जास्तच खाजायला लागले, आणि बोटं तर आंधळीच झाली. तिनं मोजे खुंटीला टांगून ठेवले. मलमं झाली, तेल झालं. मलम लावायचं आणि सकाळी परत हात टाकीत घालायचे, मग ते मलम तरी बिचारं काय करणार.

"काम थांबव थोडे दिवस," मास्तर म्हणाले.

"आणि कॉलरी कोण घासणार? तुम्ही?"

मास्तर इस्त्रीकडे वळले. इस्त्रीत ते एक नंबर होते, पण धुण्यात त्यांचा हात अगदीच कच्चा. त्यांनी घासलेली कॉलर एक तर मळकी राहायची, नाही तर फाटायची.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, एका पायजम्याची घडी घालताना मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पडायला नको होता, पण पडला. हाताला बाधतोय तो सोडा नव्हे! सोडा बिचारा साधा पदार्थ. बाधतायत ते त्याच्याबरोबर घुसलेले भुरटे: तो वास, तो रंग, ते निळे कण, कुठल्या कुठल्या कारखान्यातला तो गाळसाळ. इतकी वर्षं आपण बाटल्या भरतोय त्या कशासाठी, तर याच कामासाठी. बायकोसाठी सोडा शुद्ध करायचा. इतका शुद्ध, की तो तिच्या हाताला लागलेलाही कळू नये.

त्यांनी बायकोला हे सांगितलं तेव्हा ते मधलं दार ओलांडून मागच्या खोलीत आले होते. बायकोनं ओले हात तसेच वर धरून सगळं ऐकून घेतलं. कळलं किती कोण जाणे. पण नवरा आपल्या हातांबद्दल बोलतोय, आणि इतकं लांबलचक बोलतोय, हे तिला कळलं.

"करा," ती म्हणाली. "चांगलंच आहे की."

मास्तर कामाला लागले. सगळ्यांत साधा, बिनवासाचा धुण्याचा सोडा पोत्यानं आणला. गरम पाण्यात मावेल तेवढा विरघळवायचा, गढूळ पाणी जुन्या चादरीच्या दुपदरी फडक्यातून गाळायचं, मग कापसाच्या बोळ्यातून, मग पुन्हा. ते पाणी निवू द्यायचं. निवताना सोडा खड्यांच्या रूपानं तळाशी बसतो आणि मीठ वगैरे भुरटे वरच्या पाण्यात विरघळूनच राहतात. वरचं पाणी ओतून दिलं की झालं. सांगायला सोपं आहे. पहिल्या वेळी मास्तरांनी पातेलं घाईनं गार पाण्यात ठेवलं आणि नुसता रबरबीत चिखल जमला. सावकाश निवायला हवं, म्हणजे खडे मोठे आणि स्वच्छ धरतात. म्हणून मग पातेल्याला घोंगडी गुंडाळली. घरात बरी अशी घोंगडी एकच होती. थंडीचे दिवस. पातेलं उबेत झोपलं आणि नवराबायको पातळ चादरीत कुडकुडत एकमेकांना चिकटून झोपले. असं झोपून त्यांना बराच काळ लोटला होता.

सकाळी मास्तरांनी झाकण काढलं आणि बायकोला हाक मारली. तळाशी काचेच्या कांड्यांसारखे लांब, नितळ खडे उभे-आडवे पसरले होते. बायको वाकून बघत राहिली.

"हे आपल्या सोड्यातून निघालं?"

"हेच सोडा. बाकी सगळं सोंग होतं."

तेच खडे पुन्हा विरघळवले, पुन्हा जमवले, बर्फाच्या पाण्यानं खळबळून घेतले. उघड्यावर राहिले तर खड्यांतलं पाणी उडून त्यांची पांढरी भुकटी होते, म्हणून झाकण घट्ट लावून ठेवले. मग परीक्षा. ग्लासभर पाण्यात सोडा घालून त्या ग्लासातून वर्तमानपत्र वाचलं. बारीक टाइपही स्वच्छ दिसला. जांभळ्या कोबीचा रस काढून त्यात थेंब टाकला. पोत्यातल्या सोड्यानं रस मळकट निळा झाला होता. मास्तरांच्या सोड्यानं तो लखलखीत हिरवा झाला. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते तो हिरवा ग्लास घेऊन शिंप्याकडे गेले.

"काय आहे हे?"

"शुद्धतेची खूण."

"पिऊ नका म्हणजे झालं," शिंपी म्हणाला.

बायकोनं नव्या सोड्यात पहिल्यांदा हात घातले तेव्हा मास्तर शेजारी उभे होते. इस्त्री पुढे तापत पडली होती, एक गिऱ्हाईक काउंटरवर टकटक करत होतं, पण मास्तर हलले नाहीत. त्यांनी तिच्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं लोक निकालाच्या फळ्याकडे पाहतात.

"आग होतेय?"

बायको क्षणभर थांबली. "नाही," ती म्हणाली. "हलकं वाटतंय."

झालं. मास्तर दुसरेच माणूस झाले. इस्त्री करताना शीळ घालायला लागले. रोज दाढी करायला लागले. मधलं दार आता बंदच होईना. ते घडीघडीला मागे येत, टाकीच्या कठड्यावर बसत आणि खडे कसे धरतात, पाणी किती सावकाश निवायला हवं, हे बायकोला सांगत. ती विचारायची, "मग ते मीठ पाण्यातच कसं राहतं?" आणि मास्तर खूश होऊन नव्यानं सुरुवात करत. तिला मिठाशी काही देणंघेणं नव्हतं. पण विचारायची. रात्री जेवताना विचारायची. गल्लीतल्या लोकांनीही पाहिलं, की सोडामास्तर आणि त्यांची बायको संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून गप्पा मारतात. शिंप्यानं एकदा विचारलंसुद्धा, "वहिनी, या वयात काय पाजलंत मास्तरांना?"

हात मात्र सुधारत नव्हते. सुधारत नव्हते हे सौम्य झालं, बिघडत होते. मास्तरांना ते दिसलं नाही असं नाही, पण दिसलेलं मनाला पटवून घ्यायची हुशारी शिकलेल्या माणसात जरा जास्तच असते, मग तो एका वर्षाचा का शिकलेला असेना. जुनं विष बाहेर पडतंय, ते म्हणाले. हवा कोरडी आहे, ते म्हणाले. आणि अजून कुठं तरी कण राहिला असेल म्हणून त्यांनी सोडा आणखी एकदा शुद्ध केला, आणि शुद्धच आहे तर बाधणार कसा, म्हणून टाकीत मूठभर जास्तही टाकला. बायको 'बरं' म्हणाली. जेवताना तिनं चमचा धरायला सुरुवात केली. बोटांना चिंध्या गुंडाळल्या, आणि विचारलं तर म्हणाली, मलम पुसलं जाऊ नये म्हणून.

"दुखतंय का?"

"नाही हो. पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं आहे."

शेवटी सिस्टर कपडे न्यायला आली तेव्हा एका इस्त्री केलेल्या कॉलरवर आतल्या बाजूला फिकट तांबूस बोट उमटलेलं होतं. सिस्टरनं ते पाहिलं. ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि बायकोचा उजवा हात मनगटाशी धरून उजेडात आणला. चिंधी सोडली. अंगठा आणि पहिलं बोट सुजून टम्म झालं होतं, चिरेतून पू येत होता आणि लाल रेघ मनगटाच्या वर चढत होती.

"आत्ता चला," सिस्टर म्हणाली. "कपडे राहू दे. आत्ता."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. त्यांनी हात बघितला, उलटा केला, दाबला, आणि विचारलं, "धुता कशानं?"

"बाजारातल्या पावडरीनं," बायको म्हणाली. झटकन म्हणाली.

मास्तरांना वाटलं, ही भांबावली आहे. हॉस्पिटलात माणूस भांबावतोच. ते पुढे झाले. "नाही हो, डॉक्टर. बाजारातलं काही नाही. मी स्वतः शुद्ध करून देतो." आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. ती त्यांनी मुद्दाम बरोबर आणली होती. बाहेर कुठं कुणी जाणकार भेटला तर दाखवावी म्हणून ती हल्ली त्यांच्या खिशातच असे.

बायकोनं डोळे मिटले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली हलवून पाहिली. "काय आहे हे?"

"धुण्याचा सोडा. मीठ नाही, रंग नाही, वास नाही. कणभरसुद्धा दुसरं काही नाही."

"म्हणजे नुसता सोडा."

"नुसता."

डॉक्टरीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "काका, कातडं खातो तो सोडाच. पुड्यात मीठबीठ मिसळलेलं असतं म्हणून तो निदान निम्मा तरी पातळ असतो. तुम्ही त्यातलं सगळं निरुपद्रवी तेवढं काढून टाकलंत."

तो हिरवा ग्लास मास्तरांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पुस्तकात होतं की. क्षार जितका तीव्र, तितका रस हिरवा. हे त्यांनी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याला गुणसुद्धा मिळाले होते. त्यांना ठाऊक नव्हतं असं नव्हतं. बायकोचे हात वाचवायचे या घाईत त्यांना ते आठवलंच नाही.

त्याच दुपारी हाताला चीर देऊन आतला पू काढावा लागला. जंतू बोटांच्या शिरांपर्यंत उतरले होते. हात राहिला, बोटंही राहिली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पुन्हा पुरती वळणार नाहीत, असं सांगण्यात आलं. बोटांना आणि तळव्याला काही कळणारही नाही बहुधा. डावाही फार बरा नव्हता. धुण्याचं काम आता विसरा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बायकोनं मान हलवली, जणू कुणी तिला उद्या दुकान बंद आहे एवढंच सांगितलं होतं.

औषधं मिळायची होती म्हणून दोघं बाहेर बाकावर बसले. बायकोचा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर ठेवलेला. समोरून माणसं जात होती, कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या हातात एक्स-रेच्या फोटोचं पाकीट. बराच वेळ मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"तुला कधी कळलं?"

"काय?"

"याची आग जास्त होते ते."

बायकोनं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोवलं. मग म्हणाली, "हात घातल्या घातल्या."

"पहिल्याच दिवशी?"

"हं."

"मग बोलली का नाहीस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "मी रोज विचारत होतो. रोज विचारत होतो ना मी?"

"विचारताना तुमचं तोंड कसं व्हायचं ते तुम्ही नाही बघितलंत," ती म्हणाली. "मी बघायचे. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही 'नाही'च म्हणाला असतात." मग जरा थांबून, "आणि तुम्ही मागे येऊन बसायचात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं असतं आग होते, तर तुम्ही परत पुढे गेला असतात."

मास्तरांना सांगायचं होतं, की नसतो गेलो. पण ते खरं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ते परत पुढे गेले असते, खाली मान घालून इस्त्री करत राहिले असते, आणि मधलं दार पुन्हा बंद झालं असतं. त्यांना रडू आलं. तिथं, चहा नेणाऱ्या माणसांच्या समोर, म्हातारा होत चाललेला एक माणूस ढसाढसा रडला, आणि बायको डाव्या हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचाच हात कापलेला आणि समजूतही तिनंच काढायची, असा सगळा उलटा कारभार.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. मास्तर धुवायला लागले. बायको स्टुलावर बसून सांगायची, कॉलरीच्या डाव्या बाजूला घासा, अजून, आता पुरे. पण तिलाही ते नुसतं बघून नीट सांगता येत नव्हतं, आणि मास्तरांच्या बोटांना काही लागत नव्हतं. नर्सांचे कपडे आधी कमी झाले, मग थांबले. सिस्टर भेटायला यायची, कपडे न आणता. शिंप्यानं थट्टा करणं सोडलं, आणि मास्तरांना ते थट्टेपेक्षा जड गेलं. फळीवरच्या बाटल्या मास्तरांनी फेकल्या नाहीत. फेकायलाही माणसात काही जोर लागतो.

दिवसातून एकदा तिचा उजवा हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, मग बोटं एकेक करून वळवायची, असं सांगितलं होतं. हे मास्तर न चुकता करत. दुपारी दुकानाचा पडदा ओढून ते पाणी तापवत, तसराळ्यात ओतत आणि तिच्यासमोर बसत.

एके दिवशी पाणी तापत असताना पुढे कुणी तरी हाक मारली म्हणून ते मधेच उठून गेले. एक शर्ट शोधायचा होता, सापडेना, सापडला. परत आले तोवर पाणी जास्त तापलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी ते तसंच ओतलं आणि तिचा हात त्यात ठेवला.

"गरम नाही ना फार?"

"नाही," बायको म्हणाली. "बरोबर आहे."

ती नेहमीच्याच आवाजात बोलली. तोंडावर काही नव्हतं. मास्तरांनी बोटं वळवण्यासाठी आपला हात पाण्यात घातला आणि चटका बसून तसाच बाहेर ओढला. तिचा हात त्यांनी उचलला. तो मनगटापर्यंत लालबुंद झाला होता.

ती त्यांच्याकडे बघत होती, शांतपणे, थोडं हसून. हात मेला होता म्हणून तिला कळलं नव्हतं, की कळूनही ती गप्प बसली होती, हे मास्तरांना तिच्या तोंडावरून ओळखता येईना. विचारता आलं असतं. पण विचारून ती काय म्हणणार ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिचा हात टॉवेलात घेतला आणि काही न विचारता हलकेच टिपत बसले.